दमा नसलेल्या माणसाचे प्रतिज्ञापत्र

पालघरच्या मामलेदार कचेरीच्या आवारात, चिंचेखाली, माझे मेज असे. शिक्षण मराठी सहावीपर्यंत झाले. पुढचे शिक्षण कचेरीच्या कागदांनी केले, आणि ते कोणत्याही शाळेपेक्षा कमी होते असे मी मानीत नाही. सातपाटीपासून मासवणपर्यंतच्या लोकांची गाऱ्हाणी साहेबांना पटतील अशा भाषेत मांडणे, हे माझे, म्हणजे अर्जनवीसाचे, काम. अर्जदार दहा कारणे सांगतो. त्यांपैकी कचेरीत टिकेल असे एक निवडून बाकीची गाळावी लागतात. ही निवड मला साधली होती, हे मी नम्रपणे नमूद करतो.

उत्तर सीमेवरची लढाई संपली, त्याच्या पुढील वर्षीची ही हकीकत आहे. तारापूरच्या बाजूस अणूपासून वीज करणारे केंद्र उभे राहावयाचे होते आणि त्या किनाऱ्याचा कातळ तपासण्याचे काम चालू होते. त्या कामावरील एक भूगर्भशास्त्रज्ञ पालघरात खोली घेऊन राहत. वय पंचेचाळीसच्या आसपास, मूळचे वऱ्हाडातले, खिशात भिंग, पायांत जाड तळाचे बूट. सरकारी नोकर असूनही एका सकाळी ते माझ्यासमोरच्या बाकावर येऊन बसले, तेव्हा मला समाधान वाटले.

त्यांना बदलीचा हुकूम आला होता. सीमेवरील डोंगरांत दारूगोळा साठविण्यासाठी भुयारे खोदावयाची होती, आणि कोणता डोंगर पक्का, हे त्यांनी सांगावयाचे होते. त्यांनी नकार कळविला. वरिष्ठांनी उत्तर दिले की नकाराचे कारण दंडाधिकाऱ्यासमोर शपथेवर लिहून द्यावे. कारण योग्य वाटल्यास नोकरी राहील, न वाटल्यास जाईल.

मी खरे कारण विचारले. त्यांनी ते सावकाश सांगितले. मागच्या महायुद्धात, नोकरीस नुकतेच लागले असताना, त्यांनी पूर्वेकडील एका टेकडीचा दगड निर्दोष असल्याचा दाखला दिला होता. त्या दाखल्यावर तिच्या पोटात दारूगोळा भरला गेला. पुढे तो पेटला आणि टेकडीच्या पायथ्याचे खेडे राहिले नाही. दगड मात्र त्यांनी लिहिला होता तसाच निर्दोष निघाला. त्यानंतर त्यांनी कोळशाच्या खाणी पाहिल्या, धरणांच्या जागा पाहिल्या, पण लढाईच्या कामासाठी दगडाला हात लावला नाही. येथील कामावर येतानादेखील हे विजेसाठीच आहे ना, असे त्यांनी तीनदा लेखी विचारले होते.

मी त्यांना स्पष्ट सांगितले की हे कारण कचेरीत टिकणार नाही. दमा टिकेल. डोंगरावरची थंड हवा सोसत नाही, असे लिहू. दाखला देणारे डॉक्टर माझ्या ओळखीचे आहेत. दोन मुली शिकत होत्या, पत्नी वऱ्हाडात होती, निवृत्तिवेतनास अजून काही वर्षे बाकी होती. हे सर्व त्यांनीच मला सांगितले होते. तरी ते म्हणाले, मला दमा नाही, तेव्हा तो लिहू नका.

मी होकारार्थी मान हलविली आणि लिहावयास बसलो. त्यांचे कारण लिहिले, आणि त्याच्या वर, जेथे साहेबांची नजर प्रथम पडते तेथे, दमा लिहिला.

आमच्याकडे रीत अशी की कागद पूर्ण झाल्यावर अर्जनवीस तो पक्षकाराला मोठ्याने वाचून दाखवितो, पक्षकार कबूल म्हणतो, आणि मगच कागद आत जातो. बहुतेकांना अक्षरओळख नसे, त्यामुळे ही रीत पडली. पण मी ती शिकलेल्यांनाही लावीत असे. मी वाचून दाखविले. दम्याची ओळ वगळली. त्यांनी कागद पाहण्यासाठी हात पुढे केला, तेव्हा मी म्हणालो की वाचून दाखविले म्हणजे पाहिल्यासारखेच आहे. त्यांनी हात मागे घेतला. दगड ते भिंगाखाली धरीत. माझा शब्द त्यांनी तसाच ठेवून घेतला.

आत मामलेदारसाहेबांसमोर, कारण येथले दंडाधिकारी तेच, सही होण्यापूर्वी अव्वल कारकुनाने कागद पुन्हा वाचला. त्याला गाळण्याचे कारण नव्हते. दम्याचा उल्लेख येताच दाराशी वारसनोंदीसाठी बसलेली तारापूरच्या किनाऱ्याकडच्या घिवलीची एक मासे विकणारी बाई हसली.

"ह्याला दमा? भरती लागायच्या आत हा बाबा अख्खा कातळ पालथा घालतो. धाप लागते ती ह्याच्या मागं पेट्या वाहणाऱ्यांना. ह्याला काय नाय."

कारकुनाने तिला गप्प केले. मामलेदारसाहेबांनी चष्मा काढला आणि समजुतीच्या स्वरात विचारले, "दमा आहे की नाही? विचार करून सांगा. कागद तयार आहे, फक्त सही बाकी आहे."

मी मागे उभा होतो. त्या क्षणी त्यांनी होकार दिला असता तर बाईचे बोलणे कोणीही मनावर घेतले नसते.

ते म्हणाले, "नाही. तेवढे खोडा."

शपथेच्या कागदावर खाडाखोड चालत नाही. नवा मुद्रांक आणावा लागला. चिंचेखाली परत आल्यावर ते मला रागे भरले नाहीत. रागे भरले असते तर मला उत्तर देता आले असते. त्यांनी सांगितले आणि मी उतरून घेतले: माझी प्रकृती उत्तम आहे, माणसे मारण्याच्या कामासाठी मी दगड तपासणार नाही. एवढेच. विनंती नाही, मुलाबाळांचा उल्लेख नाही, साहेबांच्या कृपेचा उल्लेख नाही. इतका उघडा कागद माझ्या हातून पूर्वी गेला नव्हता. या वेळी त्यांनी तो स्वतः वाचला आणि मगच आत नेला.

पावसाळ्याच्या तोंडाशी नोकरी गेल्याचे पत्र आले. खोली सोडण्याच्या दिवशी ते निरोप घेण्यास माझ्या मेजापाशी थांबले. हातातली ट्रंक त्यांनी खाली ठेवली आणि श्वास घेतला.

"अर्जनवीस, आज जिना उतरताना थोडी धाप लागली. लिहिता का?"

मी हसलो नाही. गाडीची वेळ विचारली. पुढे ते वऱ्हाडात विहिरींच्या जागा दाखवून देतात असे कोणीतरी सांगितले. त्यात कितपत भागत असेल, हे सांगणाऱ्याला ठाऊक नव्हते.

त्या दिवसापासून वाचता येणाऱ्या पक्षकाराच्या हाती मी कागद देतो. पहिला मसुदा मात्र मी जपून ठेवला आहे. मांडणीच्या दृष्टीने तो अधिक चांगला होता, आणि त्याने नोकरी राहिली असती, हे माझे मत आजही कायम आहे.