टीव्हीचा खोका

तो एकदाच आला आमच्याकडे. डोंबिवलीच्या आमच्या घरात माळ्यावर उंदीर झालाय, याची मला खात्री होती, म्हणून पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलेलं. पन्नाशीचा, काटकुळा माणूस. चपला दाराबाहेर काढून तो स्टुलावर चढला, डोकं माळ्यात घातलं. वरची भुकटी चिमटीत चोळून त्याने वास घेतला. मग भिंतीवरून चढलेल्या मातीच्या बारीक रेघेवरून बोट फिरवलं, अगदी मायेने.

“उंदीर असता तर लेंड्या दिसल्या असत्या, साहेब. ही वाळवी आहे. टीव्हीच्या खोक्यात.”

“तो टाकायचा नाही,” मी तडकून म्हणालो. “शिफ्ट होताना लागेल.”

“आणि टीव्ही कुठाय?”

तो टीव्ही केव्हाच भंगारात गेला होता. ठाण्याला मोठी जागा घ्यायची ठरवली तेव्हा खोका जपून ठेवलेला, त्याला अठरा वर्षं झाली. हे सांगताना मलाच कसंतरी झालं. बायको किचनच्या दारात उभी होती.

तो हसला नाही. “माझ्याकडे फ्रिजचा आहे,” म्हणाला. “टिटवाळ्याला, माळ्यावर. लोकांना सांगत फिरतो खोके टाका म्हणून, आणि आमची मिसेस तोच टाकू देत नाही.”

मी ‘न्या’ म्हणून मान हलवली. पोखरलेला खोका त्याने हलक्या हाताने उतरवला, पिशवीत बांधला आणि मग फवारणी केली. निघताना चपला घालता घालता बायकोला म्हणाला,

“वहिनी, ठाण्याला गेलात की फोन करा. तिथला माळा मी बघून देईन.”