शहरबानू खाला जंजिऱ्यात जातात

दिघीच्या शहरबानू खालांना मी पहिल्यांदा पाहिले ते माझ्या लग्नानंतर. पण जी हकिकत इथे लिहीत आहे ती त्याआधीची, १९३५ च्या फेब्रुवारीतली. ती मला माझ्या पत्नीने, कमळने सांगितली आणि पुढे खुद्द खालांनी तिच्यात दुरुस्त्या केल्या. दोघींच्या सांगण्यात जिथे फरक पडला तिथे मी खालांचे धरले आहे. कारण कमळ सांगताना हसायची आणि हसता हसता मधले बरेच गाळून टाकायची.

खालांचे घर दिघीला अगदी खाडीच्या तोंडाशी होते. ओट्यावर बसले की समोर पाण्यात जंजिरा किल्ला. घरची बेताची पण खाऊनपिऊन सुखी स्थिती. नवरा वारलेला, एकुलता मुलगा मकसूद गलबतावरून मुंबईला कौले, लाकूड, नारळ पाठवी. खालांचा जन्म किल्ल्यातला. त्या काळी किल्ल्याच्या आत बरीच कुटुंबे राहत असत. खालांचे वडील तिथे दारूगोळ्याच्या कोठारावर नोकर होते. आई बाळंतपणात आजारी पडली म्हणून शेजारणीने या मुलीला आपले दूध पाजले. त्या शेजारणीची मुलगी जहुरा. त्यांच्यात एका आईचे दूध प्यालेल्या मुली बहिणीच समजल्या जातात आणि ते नाते रक्ताइतकेच पाळतात. म्हणून जहुरा ही शहरबानूंची दूधबहीण, आणि मकसूदची खाला, म्हणजे मावशी.

शहरबानूंचे लग्न लहानपणीच दिघीत झाले. सासऱ्यांबरोबर पहिल्या माहेरपणाला जाताना किल्ल्याच्या दरवाजापाशी अपघात झाला. तिथे धक्का नाही. दरवाजाच्या पायऱ्या थेट समुद्रात उतरतात. लाटेबरोबर होडी वर येते, त्या क्षणी पायरीवर पाऊल टाकायचे. उशीर केला तर होडी खाली जाते आणि माणूस मध्ये. शहरबानू मध्ये गेल्या. होडीवाल्याने उडी मारून त्यांना उचलून वर काढले, आणि दोन्ही हातांवर घेऊन, भिजलेल्या अंगाने, दरवाजातल्या सगळ्या लोकांसमोरून आत नेले. जीव वाचला. पण सासऱ्यांना जीवापेक्षा बाकीचे मोठे वाटले. त्यांनी त्याच पायरीवर होडीवाल्याला शिव्या घातल्या आणि कसम घातली की यापुढे या घरची सून जंजिऱ्याच्या पायरीला पाय लावणार नाही. माहेरची माणसे तिला भेटायला दिघीला येतील. तशी ती माणसे येत राहिली. आईवडील गेले. मग जहुरा येत असे, ईदेला आणि लग्नकार्याला.

एरवी दोघींचे दळणवळण करमअलीमार्फत चाले. करमअली हा त्याच होडीवाल्याचा मुलगा, आता स्वतः म्हातारा झालेला. खाला लिंबाच्या लोणच्याची बरणी पाठवत. रिकामी बरणी परत येई आणि तिच्याबरोबर निरोप: "तुझ्या खाडीचं पाणी घातलंस काय यात? मीठ कमी कर." खाला पुढच्या बरणीत मुद्दाम जास्त मीठ घालत.

या हकिकतीआधी तीन वर्षे जहुरा विहिरीजवळ पडली. मांडीचे हाड मोडले, ते नीट बसले नाही, आणि ती बाजेला खिळली. त्या हिवाळ्यात करमअली सांगू लागला, "खाणं तुटलंय. ओळख ठेवते, पण तब्येत काय खरी नाय." खालांनी मकसूदला दोनदा विचारले. दोन्ही वेळा तो आजोबांच्या शपथेची आठवण करून देत म्हणाला, "अम्मा, दादांची कसम हाय. अब्बांनी जन्मभर पाळली, मी कशी मोडू?" मुलगा वाईट नव्हता. आईच्या पडण्याची गोष्ट त्याने लहानपणापासून इतक्यांदा ऐकली होती की कसमेच्या आडून तो स्वतःच भीत होता. खालांनी तिसऱ्यांदा विचारले नाही.

अशात गुलबानू मैत्रिणींना घेऊन आली. ही खालांच्या बहिणीची मुलगी, मुंबईत मॅट्रिकच्या वर्गात. जोडून सुटी आली तेव्हा तिने वर्गातल्या दोघींना गाव दाखवायला आणले. एक कमळ, उरणच्या मिठागरवाल्यांची. दुसरी नीरा, दादरच्या ब्राह्मणांची. गुलबानूचे वडील ताजुद्दीन त्यांना आगबोटीने घेऊन आले, खालांच्या हवाली केले आणि आपल्या कामाला बोर्ली पंचतनला निघून गेले. सोमवारी परत न्यायला येणार होते.

नीराच्या आईने तिला फळांवर राहायला बजावले होते. खालांनी ते न सांगता ओळखले. नवे मडके, नवी पळी आणि तीन दगडांची चूल अंगणात मांडून दिली. "आमचा हात लागला नाय कशाला. तू तुझं शिजव, पोरी." नीराने आयुष्यात चूल पेटवली नव्हती. भात वर कच्चा राहिला, खाली जळाला. शनिवारी दुपारी तिने मुकाट्याने पाट उचलून कमळशेजारी मांडला आणि खालांनी वाफवलेली तांदळाची सांदणे खाल्ली. खाला एवढेच म्हणाल्या, "मडकं छान आहे. घरी ने."

शनिवार बागा आणि डोंगर बघण्यात गेला. मुलींचे डोळे सारखे किल्ल्याकडे लागले होते. संध्याकाळी मकसूद घरी आला तो सांगतच आला, "करमअलीशी बोललोय. सकाळी होडी लावील. वारा सुटायच्या आत बघून परत या."

"बरोबर कोण येणार?" नीराने विचारले.

"करमअली हाय की. त्याच्या दाढीएवढं भरवशाचं दिघीत काय नाय."

"दाढी भरवशाची असेल हो मकसूदभाई," कमळ म्हणाली, "पण तीन पोरी परक्या माणसाबरोबर दर्यात गेल्या हे आमच्या आईला कळलं, तर ती उद्याच माझी शाळा बंद करील. कोणी मोठी बाई पाहिजे."

मकसूदला हे पटले. तो स्वतः जाऊ शकत नव्हता, दुसऱ्या दिवशी त्याचे गलबत भरायचे होते. तो शेजारच्या रंगू भंडारणीकडे गेला आणि लगेच परत आला.

"रंगूकाकी म्हणते डोंगरावर चढायला सांग, माडावर चढायला सांग. होडी नुसती बघितली तरी तिच्या पोटात ढवळतं."

"मग खाला येईल," गुलबानू म्हणाली.

खाला नारळ खवत होत्या, त्यांचा हात थांबला.

"अम्मा नाय जायची," मकसूद म्हणाला.

"मेहमान कोणाचे, मकसूद?" खालांनी खाली बघतच विचारले.

"आपले."

"मग पोरींची जबाबदारी रंगूची, का माझी?"

"अम्मा, कसम..."

"कसम अब्रूसाठी घातली होती ना? मग पोरींच्या अब्रूसाठीच जाते मी. तुझ्या दादांनाही हेच सांगितलं असतं."

मकसूद हळू आवाजात म्हणाला, "आणि पायरीवर उतरवणार कोण तुला? मी नसणार. करमअलीने हात धरला तर चार दिवस गाव तेच चघळील. नाय धरला तर पडशील."

खाला पुन्हा नारळ खवू लागल्या. पण सकाळी मुली उठून बघतात तो खाला डोक्यावरून चादर ओढून तयार. हातात लोणच्याची बरणी.

समुद्र तसा शांत होता. होडीत मुलींचे बोलणे चालले होते, खाला बरणी सांभाळून बसल्या होत्या. किल्ला जवळ येत गेला तरी दरवाजा दिसेना. नुसता काळा तट. मुली म्हणाल्या, दार आहे तरी कुठे? खालांनी बोट दाखवले तेव्हा कुठे दोन बुरुजांमधली ती सावली दिसली. बोट दाखवले तेवढेच. पुढे होडी पायऱ्यांशी आली, करमअलीने बांबू टेकवून ती रोखून धरली, आणि लाटेबरोबर होडी वर-खाली होऊ लागली, तशी खालांनी दोन्ही हातांनी फळी धरली.

करमअलीने मुलींना एकेक करून उतरवले. "आता... हां! पुढची... हां!" कमळ गेली, नीरा गेली. गुलबानू खालांसाठी मागे थांबली.

"चला बाय," करमअली म्हणाला.

"पोरींनो, तुम्ही बघून या. मी होडीतच बसते."

"खाला!"

"बसते म्हटलं ना. माझ्याच्याने होणार नाय." बरणी गुलबानूकडे देऊन म्हणाल्या, "जहुराला दे. सांग, मीठ बघून घातलंय."

करमअली खालच्या आवाजात बोलला. "बाय, मी हात दिला असता. पण तुझ्या सासऱ्याने माझ्या बापाला इथंच काय काय ऐकवलं ते मी या होडीत बसून ऐकलंय. माझा हात उठत नाय."

इतक्या वर्षांत हे त्याने कधी बोलून दाखवले नव्हते. खालांनी त्याच्याकडे पाहिले आणि मान खाली घातली.

वरच्या पायरीवर कमळ हे ऐकत होती. तिने लुगड्याचा काष्टा मारला आणि पाण्यातल्या शेवाळलेल्या पायरीवर उतरली. नीराला म्हणाली, "माझी कंबर धर. घट्ट. गुदगुल्या केल्यास तर दोघी जाऊ." मग खालांकडे हात केला. "खाला, हा हात बघा. लहानपणी मिठाच्या पाट्या उचलल्यात याने. तुम्ही पाटीपेक्षा जड असाल असं वाटत नाही."

"माझ्याबरोबर तूही जाशील, पोरी."

"मग करमअलीचाचांना दोघींना काढावं लागेल. मला काढलं तर कोणी शिव्या देणार नाही, आणि माझ्या मागोमाग तुम्हीही निघाल."

करमअलीला हसू फुटले. होडी वर आली. "आता!" तो ओरडला. खाला उठल्या नाहीत. होडी खाली गेली. पुन्हा वर आली. "आता, बाय!" गुलबानूने मागून कंबरेला रेटा दिला, खालांनी डोळे मिटून पाऊल टाकले, आणि कमळने त्यांची दोन्ही मनगटे धरून ओढले. नीरा मागे बसली, तिच्यावर कमळ, कमळवर खाला. खालांची एक सपात समुद्रात गेली. तिघी काही वेळ तशाच पायरीवर पडून राहिल्या. नीराला रडू येत होते की हसू ते तिलाच कळत नव्हते. खाला उठल्या, चादर सारखी केली आणि एका पायात सपात, एक पाय अनवाणी, अशा कोणाला वाट न विचारता आत निघाल्या.

जहुरा अंगणातल्या बाजेवर उशांना टेकून बसलेली होती. अगदी वाळलेली, पण डोळे तरतरीत. गुलबानूला तिने ओळखले. मग म्हणाली, "आणि तुझ्या मागे ती चादर कोणाची उभी आहे? बोल की. तोंडात लोणचं आहे काय?"

खालांनी चादर मागे सारली.

"बानू!" जहुरा म्हणाली. "अगं, कोणाला विचारून आलीस?"

"कोणाला नाय."

"सासरा कबरीतून उठून येईल."

"येऊ दे. त्याला तरी पोहता येत होतं."

दोघी हसल्या. खाला बाजेच्या कडेवर बसल्या आणि जहुराचे पाय आपल्या मांडीवर घेऊन चेपू लागल्या. मुली दाराशीच थांबल्या. मोठी तोफ, गोड्या पाण्याचा तलाव, सगळे बघायचे होते, पण कोणाचे पाय निघेनात.

"मला वाटलं, आता माझ्या मयतीलाच येशील," जहुरा म्हणाली.

"मयतीला तरी येऊ दिलं असतं का, ते विचार." खालांचे डोळे भरून आले. "तीन वर्षं हेच मनात घेऊन बसले होते. तू जाशील, आणि मी ओट्यावर बसून समोर बघत राहीन."

जहुराने तिचा हात थोपटला. पुढे त्या काय बोलल्या ते कमळला माहीत नाही, कारण गुलबानूने तेव्हा मैत्रिणींना तलाव दाखवायला नेले. तोफेपर्यंत त्या पोचल्याच नाहीत. वारा सुटू लागला तशा करमअलीच्या हाका आल्या.

निघताना जहुराने विचारले, "परत कधी?" खालांनी तिच्या अंगावरची गोधडी नीट केली आणि बाहेर पडल्या. उतरताना मात्र पायरीवर त्यांनी वेळ लावला नाही. होडी वर आली, गुलबानूने आतून हात दिला, आणि त्या बसल्या.

मकसूद किनाऱ्यावर उभा होता. गलबत अर्धे भरून माणसांवर सोडून आला होता. त्याने आईच्या अनवाणी पायाकडे पाहिले, ओल्या चादरीकडे पाहिले, आणि तडक पाठ फिरवून कामावर परत गेला. मुलींना वाटले, आता घरात काहीतरी मोठे होणार. नीरा तर सामान बांधू लागली.

संध्याकाळी तो जेवायला बसला. खाला वाढत होत्या. मासळी वाढली, भात वाढला. त्याने दोन घास खाल्ले.

"जहुराखाला कशी आहे?"

"हाडं राहिलीत नुसती."

"काय खाते?"

"पेज. तीही कोणी भरवली तर."

मकसूदने भात कालवला. "तुला कोणी उतरवलं?"

खालांनी कमळकडे बोट केले. मकसूदने तिच्याकडे पाहिले, मग तिच्या दंडाकडे, आणि पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर हसू आले. "मुंबईला जाऊन अभ्यास काय करता? माझ्या गलबतावर या, कौलं चढवायला."

"पगार काय द्याल?" कमळने विचारले.

"सांदणं. पोटभर."

सगळ्या हसल्या. खाला हसल्या नाहीत. त्या भाताचे पातेले हातात धरून मुलाकडे बघत उभ्या होत्या. मकसूदने ताटावरची नजर उचलली नाही, पण सांगायचे ते सांगितले.

"जुम्म्याला मला काम नाय. पेज घेऊन जाऊ. पायरीवर मी आधी उतरीन, मग तू. फक्त लवकर निघायला पाहिजे, ऊन चढलं की वारा सुटतो."

"मी फजरच्या नमाजापासून जागीच असते," खाला म्हणाल्या, आणि त्याच्या ताटात आणखी भात वाढला.