स्टेन्सिल कापणाऱ्या कांबळे मॅडम

पहिल्याच भेटीत कांबळे मॅडमनी मला भिंतीकडे तोंड करून बसवलं. राजारामपुरीतल्या एका संगणकाच्या दुकानातून मी त्यांचा प्रिंटर दुरुस्त करायला गेले होते. हेड काढून साफ केलं, जागेवर बसवलं आणि म्हटलं, "मॅडम, आता एक पान काढून बघूया." त्यांनी एक खुर्ची उचलली, भिंतीपाशी नेऊन ठेवली आणि म्हणाल्या, "तुम्ही हितं बसायचं. तोंड तिकडं. पान मी काढतो." मला वाटलं, चेष्टा करतायत. पण बाई हसत नव्हत्या. मग मी समोरच्या कॅलेंडरातल्या तारखा वाचत बसले आणि पाठीमागे प्रिंटर करकरत राहिला. मी तेव्हा तेवीस वर्षांची आणि तोंडानं चांगलीच फटकळ. निघताना विचारलंच, "चोरटी दिसते का हो मी?" त्या म्हणाल्या, "न्हाय. पण डोळं हायत की तुम्हाला."

दुकानात परतल्यावर मालकांनी खुलासा केला. मॅडम शाळांच्या प्रश्नपत्रिकांची स्टेन्सिलं कापायच्या. कोडोली, नेसरी, गारगोटी, कुठकुठल्या हायस्कुलांचे मुख्याध्यापक हस्तलिखित प्रश्नपत्रिका स्वतः आणून देत आणि कापलेलं स्टेन्सिल मोहोरबंद पाकिटातून स्वतःच घेऊन जात. मग शाळेतल्या सायक्लोस्टाइल मशीनवर त्याच्या हव्या तितक्या प्रती निघत. ते मशीन हँडल मारून चालायचं, त्यामुळे वीज गेली तरी परीक्षा थांबत नसे. पूर्वी मॅडम टाइपरायटरवर स्टेन्सिल कापत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी संगणक घेतला आणि त्याला जोडायला एक लांबलचक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. त्याची रिबन काढून ठेवायची आणि कागदाऐवजी मेणाचं स्टेन्सिल घालायचं. पिना थेट मेणावर बसत आणि अक्षरं कापली जात. इतक्या वर्षांत त्यांच्या घरातून एकही प्रश्न बाहेर गेला नव्हता.

जवाहरनगरात त्यांच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत बुद्धाची तसबीर, एक लोखंडी कपाट आणि तो संगणक, प्रिंटर. काम चालू असलं की दाराला आतून कडी. आणि काम कायमच चालू, कारण पहिली चाचणी झाली की सहामाही, ती झाली की दुसरी चाचणी, मग वार्षिक. बिघडलेलं स्टेन्सिल पत्र्याच्या डब्यात जाळून त्याची राख मोरीत सोडत. लग्नाला जात नसत, बारशाला जात नसत. चार बायका जमल्या की पोरांच्या अभ्यासाचा विषय निघतोच, आणि आपल्या नुसत्या चेहऱ्यावरूनही कुणीतरी काहीतरी ओळखेल, अशी त्यांना धास्ती होती. "मला म्हाईत न्हाय. आणि म्हाईत असलं तरी न्हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते इतकं अंगवळणी पडलं होतं की शेजारणीनं "मॅडम, नळाला पाणी आलं का?" असं विचारलं तरी आधी "मला म्हाईत न्हाय" म्हणत आणि मग नळ सोडून बघत. लोक हसायचे. मीही दुकानात त्यांची नक्कल करून सगळ्यांना हसवत असे.

त्यांच्या बहिणीची गोष्ट मला शेजारच्या किराणा दुकानातल्या वहिनींनी सांगितली. धाकटी बहीण रंजना गारगोटीला दिलेली. दर महिन्याला यायची, येताना घरचे तांदूळ, नाचणी घेऊन यायची. तिचा थोरला मुलगा नववीत गेला आणि त्याच्या शाळेची स्टेन्सिलं नेमकी मॅडमकडेच. पोराचं गणित कच्चं. वार्षिक परीक्षेआधी रंजना येऊन म्हणाली, "आक्का, प्रश्न नगो सांगूस. नुसता धडा सांग." मॅडम म्हणाल्या, "परीक्षा हुईस्तोवर या घरात यायचं न्हाय." पोरगा गणितात नापास झाला, शाळा सोडून शिरोलीच्या फौंड्रीत लागला. परीक्षा संपली, पण रंजना पुन्हा आली नाही. "सख्ख्या बहिणीला उंबऱ्यावरनं परत लावली बघा हिनं," वहिनी म्हणाल्या. मीही मनात म्हटलं, बाई दगडाची आहे.

पुढे पाचसहा वर्षांनी मॅडमचा जुना संगणक बंद पडला तो कायमचाच. कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी दुसऱ्या दुकानातून एक नवा कोरा, चपटा संगणक आणला आणि मग मला बोलावलं. मागच्या बाजूला बघितलं तर जुन्या प्रिंटरची ती रुंद, पंचवीस पिनांची केबल लावायला जागाच नाही. सगळी यूएसबीची बारकी भोकं. आत वेगळं कार्ड बसवावं तर डबा इतका अरुंद की त्यात ते मावेना. "नवीन प्रिंटर घ्या की," मी म्हणाले. "तुमचं नवीन प्रिंटर शाई फवारत्यात," त्या म्हणाल्या, "मला ठोकणारा पायजे." खरंच होतं ते. शाईनं मेण कापलं जात नाही. आणि शनिवारी नेसरीचे मुख्याध्यापक पूर्वपरीक्षेची स्टेन्सिलं न्यायला येणार होते. त्यांना मॅडमनी आजवर एकदाही 'झालं न्हाय' म्हटलं नव्हतं.

मी यूएसबीची एक केबल आणली, जिच्या दुसऱ्या टोकाला जुना प्रिंटर बसतो. संगणकाला प्रिंटर दिसायला लागला. पण मॅडमचं प्रश्नपत्रिकेचं सॉफ्टवेअर होतं डॉसच्या जमान्यातलं. त्याला फक्त जुनी जागा माहीत, एलपीटी वन. तिथे ते पान पाठवायचं आणि पान कुठेच पोहोचायचं नाही. यावर एक तोड होती. प्रिंटर शेअर करायचा आणि सॉफ्टवेअरला पटवायचं की एलपीटी वन म्हणजे नेटवर्कवरच्या शेजारच्या संगणकाचा प्रिंटर.

'नेटवर्क' हा शब्द माझ्या तोंडातून निघायचा अवकाश, मॅडमनी संगणकाचं बटणच बंद केलं. "जोडायचं न्हाय कुणाला. मी हातानं कापतो."

"अहो, कुणाला जोडत नाहीये."

"मग शेअर कुणासंगं?"

"कुणाशीच नाही. दुसरा संगणक नाहीच आहे. आपण याला नुसतं सांगायचं, की शेजारी एक आहे म्हणून. नेटवर्कचं कार्डसुद्धा खोटंच, बाहेर वायर जात नाही. हा स्वतःलाच शेजारी समजणार आणि स्वतःकडेच पान पाठवणार."

त्यांनी सगळ्या वायरी हातात धरून, प्रत्येकीचं टोक कुठे जातं ते बघितलं. तीन वायरी, एक केबल, चारही त्याच टेबलावर. मग खुर्चीत बसल्या. "म्हंजे हाय एकटाच," त्या सावकाश म्हणाल्या, "पर त्याला वाटतंय, शेजारी कोणतर हाय."

"हो."

"आणि तेवढ्यावर चालतंय त्याचं?"

"चालतं."

त्यांनी संगणकाचं बटण पुन्हा चालू केलं. "बरं हाय की त्याचं," एवढंच म्हणाल्या. मी ते सगळं बसवून दिल्यावर त्यांनी उठून माझी खुर्ची भिंतीकडे ठेवली. मला त्या क्षणी त्यांची फार कीव आली. इतकी वर्षं त्यांची नक्कल केल्याची लाजही वाटली. पाठीमागे पिना कोरड्या आवाजात ठोकत होत्या. आवाज थांबला, स्टेन्सिल उजेडाकडे धरल्याची सळसळ झाली आणि मॅडम म्हणाल्या, "अक्षर उठलं!" त्या दिवशी पहिल्यांदा मला चहा मिळाला, तोही भिंतीकडे तोंड करूनच.

त्यानंतर जेमतेम दोन वर्षं ते मशीन चाललं. एकेका शाळेत झेरॉक्स आलं, लेसर प्रिंटर आले, गुरुजी स्वतःच टाइप करायला शिकले. नेसरीवाले सगळ्यात शेवटी थांबले. मुख्याध्यापक पेढे घेऊन आले होते म्हणे. मॅडमनी मला फोन केला. मी विचारलं, "काय बिघडलं?" त्या म्हणाल्या, "काय न्हाय बिघडलं. रविवारी जेवायला ये." 'तुम्ही'वरून मी 'तू' कधी झाले, ते मला कळलंच नाही.

गेले. दार सताड उघडं होतं. तांबडा रस्सा, भाकरी, भात, सगळं दोघींसाठी, पण सहा माणसांना पुरेल इतकं. गप्पा मात्र होईनात. मी काही विचारलं की त्यांच्या तोंडून आधी "मला म्हाईत न्हाय" निघे, मग त्या स्वतःच ओशाळून उत्तर शोधत. शेवटी म्हणाल्या, "आता पोटात ठेवण्यासारखं काय ऱ्हायलं न्हाय बघ. दार उघडं टाकलं तर आत यायची सवय न्हाय कुणाला." मी हात धुऊन उठणार, एवढ्यात त्यांनी आवाज बारीक केला. घरात आम्ही दोघीच होतो, तरी.

"रंजीच्या पोराची परीक्षा हुती न्हवं, तवा मी गारगोटीला गेलतो."

मी उठता उठता परत खाली बसले.

"आदल्या दिवशी. एस्टीतनं उतरलो, तिच्या दारापातूर गेलो. पोरगं सोप्यात गणिताचं पुस्तक घेऊन बसलंवतं. त्यानं उघडलेला धडा चुकीचा हुता. मला दिसत हुतं." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "आत गेलो असतो तर सांगून बसलो असतो. म्हणून तशीच माघारी फिरलो. स्टँडवर दोन एस्ट्या सोडल्या, तिसरीत बसलो." आणि मग नेहमीच्या करड्या आवाजात, "ह्ये कुणाला सांगायचं न्हाय."

मी शब्द दिला. त्यानंतर पुष्कळदा जायचं ठरवलं आणि दोनदाच गेले. दुकान, संसार, कारणं भरपूर होती. त्यांतलं एकही आज मला पटत नाही. वर्षभरानं किराणावाल्या वहिनींचा फोन आला, की मॅडम झोपेतच गेल्या.

जलदान विधीला पांढऱ्या साडीत एक बाई मेणबत्त्या लावत होत्या. मॅडमचंच नाक, मॅडमचीच हनुवटी. विधी आटोपल्यावर माझ्याजवळ आल्या. "कंप्युटरवाली तूच न्हवं? तू येत हुतीस तिच्याकडं. माझं नाव कधी काढलं काय गं तिनं?"

मला बाहेर निघून जाता आलं असतं. 'मला म्हाईत न्हाय' म्हणता आलं असतं. मॅडमनी तेच म्हटलं असतं, यात शंका नाही. पण मी मॅडम नव्हते. मी सगळं सांगून टाकलं. गारगोटीची एस्टी, सोप्यातला पोरगा, चुकीचा धडा, स्टँडवर सोडलेल्या दोन गाड्या. त्यांच्या हयातीत आणि माघारी, त्यांच्या घरातून बाहेर गेलेली ती एकच गोष्ट, आणि ती मी नेली.

रंजनाताई फोटोसमोर खाली बसल्या. त्या रडल्या नाहीत. थोरल्या बहिणीवर धाकटीनं चिडावं तशा चिडून बोलल्या.

"गणित गेलं खड्ड्यात, आक्का. दारापातूर आलतीस, तर हाक मारायचीस की. मी आतच हुतो."