समोरच्या काकांची उतरती फळी

दिल्लीत आजवर कितीतरी बादशहा आले, लाटसाहेब आले, प्रत्येकानं आपापल्या परीनं या शहराची तोडफोड केली. पण इथल्या भिंतींना आमच्या समोरच्या काकांइतकी भोकं दुसऱ्या कुणी पाडली असतील, असं मला वाटत नाही. समोरचे काका म्हणजे आमच्या सरकारी वसाहतीत, पहिल्या मजल्यावर, आमच्या दारासमोरच्या दारात राहणारे काका. मूळचे साताऱ्याचे, पण तीस वर्षं दिल्लीत, कुठल्याशा मंत्रालयात फायलींच्या मागे. सरकारी घर म्हणजे नोकरी आहे तोवर आपलं. रिटायर झालं की जसं मिळालं तसं परत द्यायचं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यामुळे बाकीची मंडळी या घरांत धर्मशाळेत उतरल्यासारखी राहतात. कॅलेंडर टांगायचं तरी आधीच्या माणसाच्या खिळ्याला. काका मात्र आल्या दिवसापासून ते घर सजवत होते. "सरकार आपलं, मग घर आपलं नाही का?" असं म्हणून ते हातोडी उचलत, आणि शेजारच्या चार घरांतली भांडी मांडणीवर वाजू लागत.

मिस्त्रीला बोलावणं ही त्यांच्या लेखी नामुष्की. "मिस्त्रीला दोन हात, मला दोन हात. मग फरक कशाचा?" असं ते विचारत. फरक भिंतीवर दिसत असे, पण तोंडावर सांगणार कोण? पाणसळ, ओळंबा अशी सरळ-तिरकं तपासायची सगळी साधनं त्यांच्या पत्र्याच्या पेटीत होती, पण ती म्हणे नवशिक्यांसाठी. काका नुसता एक डोळा मिटून बघत आणि "सरळ आहे" म्हणत. त्या वेळी काकू दोन्ही डोळे मिटून घेत.

काम सुरू करण्याआधी मात्र सगळं रीतसर. ऑफिसातली टाचणीसुद्धा कधी घरी न आणणारा हा माणूस बाजारातून नाडीच्या फायली विकत आणायचा आणि प्रत्येक कामाची वेगळी फाईल उघडायचा. वर विषय लिहिलेला: 'न्हाणीघरात साबणासाठी कोनाडा करणेबाबत.' आत प्रस्ताव, त्याची कारणं, पेन्सिलीनं काढलेली आकृती आणि तळाशी 'मंजुरीसाठी सादर'. मंजुरी देणार काकू. पण काकूंनीही इतकी वर्षं सरकारी माणसाशी संसार केलेला. त्या कधी नाही म्हणाल्या नाहीत. फाईल दोन दिवस पोळपाटाखाली ठेवायच्या आणि मग त्यांच्या त्या सुरेख अक्षरात लिहायच्या, 'कृपया चर्चा करावी.' ज्याला सरकार कळतं त्याला या तीन शब्दांचा अर्थ कळतो. चर्चा व्हायचीच नाही. मग काकू भिशीला नाहीतर भावाकडे गेल्या, की काका चर्चा झाली असं धरून चालायचे आणि भोक पाडून मोकळे व्हायचे.

आमची त्यांची ओळखही भोकानंच झाली. दहा वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याची दिल्लीला बदली झाली, आम्ही पुण्याहून आलो, सामानाच्या खोक्यांच्या दोऱ्याही सोडल्या नव्हत्या, तोच दारात काका उभे. हातात ती पत्र्याची पेटी. "अगं, स्वयंपाकघरात फळी लागेल ना तुला? मिस्त्रीबिस्त्री शोधू नकोस यार, मी आहे ना." हे 'यार' दिल्लीनं त्यांच्या जिभेवर बसवलेलं, ते त्यांच्या तोंडून काकूंपासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांच्या वाट्याला यायचं. मी नको म्हणायच्या आत ते स्टुलावर चढलेसुद्धा. स्क्रू फिरवत बसण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "फिरवायचा तो शेवटी. आधी ठोकायचा," म्हणाले, आणि बोटभर लांबीचे सहा स्क्रू हातोडीनं भिंतीत घालून वर सिमेंट थापलं. फळी झाली. डावीकडे उतरती झाली. चहाचा डबा सकाळी उजवीकडे ठेवला, की संध्याकाळपर्यंत तो आपला आपण डावीकडे येऊन थांबे. शेवटी मी डाव्या टोकाला पाट्याचा वरवंटा आडवा लावला. दर दिवाळीच्या साफसफाईला नवरा म्हणायचा, "या वर्षी ही फळी काढू या." पण महिन्या-दोन महिन्यांनी काका यायचे, फळीवरून हात फिरवायचे आणि विचारायचे, "बघ, हललीय का?" आता खोटं कशाला बोलू, हलली नव्हती.

त्यांची खरी कलाकृती म्हणजे बाहेरच्या खोलीची भिंत. कुठल्याशा मोबाइलवरच्या व्हिडिओत त्यांनी पाहिलं, की स्पंज रंगात बुडवून भिंतीवर थोपटला की ढगांचा भास होतो. काकू पंधरा दिवस पुण्याला गेल्या होत्या. काकांनी राखाडी, हिरवट आणि आणखी एक असे तीन रंग स्वतःच्या हातांनी कालवले आणि आठ दिवस भिंत थोपटली. मला बोलावून म्हणाले, "लांबून बघ. काय वाटतं?" मी लांबून बघितलं आणि छान म्हटलं, शेजारधर्म आहे शेवटी. त्याच आठवड्यात वसाहतीच्या देखभालीचा माणूस गळक्या नळासाठी त्यांच्याकडे आला. त्यानं भिंतीकडे पाहिलं, हळहळला, "साहब, इतनी सीलन में आप रहते कैसे हैं?" असं विचारून त्यानं वहीत ओल आल्याची नोंद केली. तिसऱ्या दिवशी चार माणसं आली आणि दुपारपर्यंत ढग खरवडून भिंत पांढरी करून गेली. सरकारी काम इतक्या झपाट्यानं झालेलं मी आयुष्यात तेवढंच पाहिलं. काकू परत आल्या तेव्हा सगळं जिथल्या तिथे. काका दोन दिवस जेवले नाहीत, आणि काकूंना अजूनही वाटतं की ते पोट बिघडल्यामुळे.

गेल्या वर्षी काका रिटायर झाले. गाझियाबादला त्यांनी खूप आधीच फ्लॅट घेऊन ठेवलेला होता, स्वतःचा. निरोपाचं जेवण आमच्याकडे होतं. वरण-भात झाला, श्रीखंड झालं, आणि काकूंनी चार माणसांत, अगदी शांतपणे सांगितलं, "तीस वर्षं मी तिरक्या घरात राहिले. आता माझ्या घरात एक खिळासुद्धा हे ठोकणार नाहीत. सगळं मिस्त्री करेल. कबूल असेल तर मी येते, नाहीतर मी इथेच हिच्याकडे राहते." 'हिच्याकडे' म्हणजे माझ्याकडे. सगळे हसले. काकांनी ताटातलं श्रीखंड बोटानं गोळा केलं आणि म्हणाले, "बिल्कुल, कबूल."

मग घर परत द्यायचं म्हणून भोकं बुजवायचा कार्यक्रम झाला. त्याला आमच्या वसाहतीत पिढीजात उपाय आहे, पांढरी टूथपेस्ट. भोकात भरायची, बोटानं सपाट करायची, की तपासणीला येणाऱ्याला भिंत कोरी दिसते. मी मदतीला गेले होते. खोलीभर पेस्टच्या पुदिन्याचा वास, आणि काका एकेक भोक भरत पुढे सरकतायत. "हे आईच्या फोटोचं. हे मुलीच्या सतारीचं, दोनच महिने वाजवली तिनं, पण भोक बघ किती झकास पडलंय. हे कशाचं होतं?" त्या एका भोकापाशी ते बराच वेळ थांबले. आठवलं नाही. तेही भरलं. मी नऊ वर्षं त्यांच्या भोकांना हसत आले होते, त्या दिवशी मात्र नवी ट्यूब उघडून त्यांच्या हातात देत राहिले. शेवटी त्यांनी ती पत्र्याची पेटी आणून आमच्या स्वयंपाकघरात ठेवली. "तुझ्याकडे असू दे. तिथे नेली तर हात शिवशिवतील. शब्द दिलाय ना तिला."

तीन महिन्यांनी आम्ही गाझियाबादला गेलो. घर बघून डोळे निवले. सगळं सरळ. पडदे सरळ, फोटो सरळ, कपाटं भिंतीतून उगवल्यासारखी. त्या सगळ्याच्या मधोमध काका सोफ्याच्या कडेला, पाहुण्यासारखे बसलेले. मला स्वयंपाकघरातला ड्रॉवर दाखवायला घेऊन गेले. हलकेच ढकलला, तो आवाज न करता स्वतःहून आत गेला. "बघ," म्हणाले, "आपण काहीच करायचं नाही. आपोआप बंद होतो." मग तो त्यांनी पुन्हा उघडला आणि पुन्हा बंद होताना बघत राहिले.

ते बाहेर गेल्यावर काकूंनी माझा हात धरला. "अगं, हे दिवसभर असेच. परवा अर्धा तास कपाटाचं दार उघडत होते, लावत होते. कुठे करकरतंय का ते बघत होते. करकरलं असतं तर बरं झालं असतं गं. जेवण कमी झालंय. फायली तर माळ्यावर टाकल्यात."

"मग करू द्या ना काकू काहीतरी," मी म्हटलं.

"मी कसं सांगू? चार माणसांत अट घातली मी. आणि मी सांगितलं तरी ते ऐकायचे नाहीत, शब्दाचे पक्के आहेत मेले." काकूंनी पदरानं ओटा पुसला, जो आधीच लख्ख होता. "तुझ्याकडे काही मोडलंय का?"

"नाही हो."

"मग मोड ना काहीतरी," काकू म्हणाल्या.

घरी आल्यावर मी फळीकडे बघितलं. नवऱ्याला सांगितलं, तोही खूश. नऊ वर्षं वाट बघत होता. फळी खिळखिळी करायची आणि काकांना फोन करायचा, असा साधा बेत. काकांचीच पेटी उघडली, त्यांचाच स्क्रू ड्रायव्हर घेतला. स्क्रू फिरेना. पक्कड लावली, फिरेना. नवरा घामाघूम झाला, हातोडीनं खालून ठोकलं, समोरच्या घरात आलेल्या नव्या माणसांची भांडी वाजली, पण फळी जागची हलली नाही. अख्ख्या दिल्लीत काकांनी एकच गोष्ट पक्की केली होती, आणि ती आमच्या घरात. शेवटी मी फोन केला आणि खोटं बोलायचं कामच पडलं नाही. "काका, फळी काढायची होती, निघतच नाही हो."

 पलीकडून आवाज आला, तो तीन महिन्यांपूर्वीचा. "निघणार कशी? रविवारी येतो. तोवर हात लावू नकोस यार."

रविवारी दोघंही आले. काका स्टुलावर चढले, एक डोळा मिटला, फळीवरून हात फिरवला. "सरळ आहे की," म्हणाले. "कशाला काढतेस?" आणि खाली उतरून चहा मागितला. चहा पिताना त्यांनी पिशवीतून नाडीची एक फाईल काढून माझ्यासमोर ठेवली. अक्षर काकूंचं होतं. 'विषय: गाझियाबादच्या स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्यांसाठी एक फळी करणेबाबत. तिरकी झाली तरी चालेल. मंजुरीसाठी सादर.' खाली काकांच्या अक्षरात तीनच शब्द होते, 'कृपया चर्चा करावी.'

"चार दिवस झाले, अडवून ठेवलीय माझी फाईल," काकू म्हणाल्या.

"तीस वर्षं थांबलोय मी. हिला थोडं थांबू दे," काका म्हणाले. पण जाताना त्यांनी आमच्या स्वयंपाकघरातून ती पत्र्याची पेटी उचलली, आणि काकूंनी जिन्यात तिची एक कडी धरली.

आमची फळी अजून तशीच आहे, डाव्या टोकाला वरवंटा लावलेली. कधीतरी आमचीही बदली होईल, घर जसं होतं तसं परत द्यावं लागेल. टूथपेस्ट कुणीही भरेल, पण ती फळी काढायला काकांनाच यावं लागणार. तेव्हा त्यांना स्टुलावर चढता आलं पाहिजे, म्हणून हल्ली मी फोन केला की आधी त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करते.