पाटणकरांवरचा संशय आणि माझे मासे

धारच्या बसस्टँडवर आम्हाला पोचवायला सात माणसं आली होती आणि सातही जणांचं लक्ष माझ्यापेक्षा माझ्या मांडीवरच्या बरणीकडे होतं. लोणच्याची काचेची बरणी, तोंडाला आईच्या जुन्या लुगड्याचं फडकं, आत अकरा गप्पी मासे. कंडक्टरनं वाकून पाहिलं. "भिया, इणमें कई हे?" मी म्हटलं, मासे. "खाने के?" मी म्हटलं, पाळायचे. त्यावर त्यानं असं पाहिलं, की खायचे सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, खिडकीशी आले. सगळं आयुष्य कचेरीत गेलेलं. कागद पाठीमागून बघितल्याशिवाय सही करायचे नाहीत. निरोपाचं म्हणून एवढंच म्हणाले, "नव्या गावात आधी संशय घ्यावा, मग चहा घ्यावा." बाकी काही नाही, पण वडिलांचा हा एक उपदेश मी मनापासून पाळला.

आणीबाणी उठली त्या वर्षाची ही गोष्ट. देवासला कंपनीचं क्वार्टर मिळालं. दोन खोल्या, मागे हातभर अंगण, आणि भिंतीला भिंत लागून पाटणकर. ते साताऱ्याकडचे, माझ्याच खात्यात. आमचं मराठी त्यांना गमतीचं वाटे. "साखरे, तुम्ही जुनं दप्तर वाचून दाखवल्यासारखं बोलता, आणि मधेच 'भिया' म्हणता," असं ते चारचौघांत सांगत. मी हसायचो आणि मनात नोंद करून ठेवायचो.

धारला गप्पी हौदात आपोआप वाढत. देवासला मी भंगारातले लोखंडी अँगल जोडून, काचा बसवून टाकी केली आणि इंदूरहून एंजल माशांची जोडी आणली. ही मोठी खानदानी जात. कोरड्या खाण्यावर जगतात, पण अंडी घालायला त्यांना वळवळतं, जिवंत खाणं लागतं. तेव्हा मागच्या अंगणात मी एक नांद भरून ठेवली आणि तिच्यात डासांच्या अळ्या वाढवू लागलो. पहिली पाळी नसली की सकाळी उठून कॉलनीमागच्या नाल्यावर जायचो. काठच्या चिखलात धाग्यासारखे लाल किडे असतात. ते सुधाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, जुन्या परकराच्या जाळीत गाळून आणायचे आणि बारीक धारेखाली धूत ठेवायचे, की त्यांचा लाल गोळा होतो. पिल्लांसाठी आणखी नाजूक स्वयंपाक. बरणीत केळ्याची साल कुजवायची, उन्हात ठेवायची. त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव होतात, ते थेंबाथेंबानं भरवायचे. वासाबद्दल मी लिहीत नाही.

आता तुम्हीच सांगा, नवा माणूस, नाल्यात वाकून परकर बुडवतोय. कॉलनीत बोलणं झालं. कुणी म्हणे करणी करतो, कुणी म्हणे काहीतरी सोन्यासारखं गाळतो. पुढे मलेरियावाला आला आणि इतर घरं सोडून थेट माझ्या नांदेपाशी गेला. त्याला कुणी सांगितलं? त्याच संध्याकाळी पाटणकर कुंपणावरून म्हणाले, "साखरे, आम्ही डास मारतो आणि तुम्ही त्यांची बाळंतपणं करता!" झालं. चुगली यांचीच, असा मी निकाल लावला.

बाळंतपण हा शब्द मला झोंबायचं कारण वेगळं होतं. सुधाला पाचवा महिना होता. आधी दोनदा हाती काही आलं नव्हतं. तिला आई नाही. माझी आई अण्णांना अर्धांग झाल्यामुळे धारहून हलू शकत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी बसचा प्रवासच बंद केला होता. दिवसभर मी कारखान्यात. तिच्याजवळ बसायला, पायाला तेल लावायला, चार शब्द सांगायला त्या गावात एकच बाई होती, पाटणकरवहिनी. म्हणजे ज्यांच्या नवऱ्यावर माझा संशय, त्यांच्यावर माझं घर.

अशात एंजलनी अंडी घातली. पिल्लं पोहू लागली, टाचणीच्या टोकाएवढी, शेदोनशे. मी कामावर जाताना त्यांचा निरोप घ्यायचो. सुधाचा घ्यायचा कधी राहून जाई. आणि एका गुरुवारी परतलो तर पाणी ताकासारखं. मोठे मासे वर येऊन तोंडं उघडत होते. सुधा म्हणाली, "तुमच्या त्या सालीनंच झालं असेल." पाणी बदललं. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. तिसऱ्या गुरुवारी एकही पिल्लू उरलं नाही.

तळाशी करडा गाळ होता, त्यात कागदाचे भिजलेले कण. मी वास घेतला. लाज वाटते, पण जिभेलाही लावला. मग बाटलीत भरून कारखान्याच्या लॅबमध्ये चौहानजींकडे नेला. त्यांनी भिंगाखाली पाहिलं. "भिया, ये तो आटा हेगा. जहर-वहर मेरे को नी दिखता." चौहानजी पाटणकरांबरोबर डबा खातात, हे मला लगेच आठवलं. शिवाय उंदराचं औषध लोक कणकेतच मळून घालतात, आणि ते येतं कागदाच्या पुडीत. कणीक सापडली, कागद सापडला; आता आरोपीचं नाव तेवढं घ्यायचं होतं.

ते मी दुसऱ्या दिवशी दुधाच्या रांगेत घेतलं. पंधरा माणसांत. "माझ्या घरात शिरून मुक्या जिवांना विष घालणारा माणूस इथंच उभा आहे," असं मी माझ्या दप्तरी मराठीत म्हणालो आणि पाटणकरांकडे बोट केलं. ते रिकामी बाटली घेऊन घरी गेले.

मी विजयी मुद्रेनं सुधाला सांगितलं. ती भाजी निवडत होती. हातातली जुडी तशीच राहिली.

"कणीक माझी होती," ती म्हणाली.

मग कळलं. वहिनींनी तिच्यासाठी नवस बोलला होता. अकरा गुरुवार रामनामाच्या एकशे आठ चिठ्ठ्या लिहायच्या, कणकेच्या गोळ्यांत भरायच्या आणि सुधाच्या हातून माशांना घालायच्या. खरं तर हे नेमावरला नर्मदेत करायचं. पण प्रवास बंद. तेव्हा वहिनी म्हणाल्या, "अगं, मासे घरातच आहेत की." मी नवसांना हसतो म्हणून दोघींनी ते मी कामावर असताना उरकलं. चिठ्ठ्या वहिनी लिहीत. त्यांना कमी दिसायचं, तरी लिहीत.

अशा वेळी शहाणा माणूस काही चांगलं बोलला असता. माझ्या तोंडून निघालं, "एकशे आठ? एवढ्याशा टाकीत?"

सुधा तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. वहिनी तर महिनाभर आल्या नाहीत. भिंतीपलीकडे त्यांच्या बांगड्या ऐकू येत, पण आमची कडी वाजत नसे. सुधा दुपारभर एकटी. तिच्या पायांना सूज येऊ लागली, चेहरा फुगला. "बरी आहे," म्हणायची. एका रविवारी भरदुपारी ती उठताना भिंतीला धरून उभी राहिली, आणि मी चप्पल न घालता शेजारी गेलो.

दार पाटणकरांनी उघडलं. मी म्हटलं, चुकलं माझं. ते म्हणाले, "विषाची पुडी शोधायला आलात का? आमच्याकडे उंदीर नाहीत, साखरे. तुमच्या अळ्या खाऊन बहुतेक तुमच्याकडेच सुखी आहेत." ते आत बोलावेनात, दारही लावेनात. तेवढ्यात आतून वहिनींचा आवाज आला, "सूज पावलांनाच आहे, की हातांवरही?" मी म्हटलं, हातांवरही. त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या, माझ्याकडे न पाहता माझ्या बाजूनं गेल्या, आणि नवऱ्याला म्हणाल्या, "टांगा बघा. उभे काय राहिलात?"

टांग्यामागे सायकलवर मी होतो. वहिनींनी सुधाला धरलं होतं. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, एक दिवस उशीर केला असतात तर दोघांचंही अवघड होतं. पुढे दिवस भरल्यावर मुलगी झाली. आता ती तिसरीत आहे, हिंदीत भांडते आणि मराठीत रडते.

पाटणकरांनी पुढे मला बोलायचं ते बोलून घेतलं, एकदा नाही, वर्षानुवर्षं. प्रत्येक बारशा-मुंजीत दुधाच्या रांगेची गोष्ट सांगतात, आणि दर वेळी माझं बोट आणखी लांब होतं. वहिनी मात्र त्या टाकीकडे पुन्हा कधी वळून पाहत नाहीत. ते मला जास्त लागतं.

परवा धारहून थोरल्या भावाचं, बाळूदादांचं, पत्र आलं. धारला प्लॉट निघालेत, आता घरी परतायचा विचार करावा, असं लिहिलंय. दादा, धारला माझ्यावर कुणी संशय घेतला नाही आणि मी कुणावर घेतला नाही, कारण तिथं सगळ्यांना सगळ्यांचे पणजोबा माहीत होते. त्यात माझं काही कर्तृत्व नव्हतं. इथं मी पंधरा माणसांत एका भल्या माणसाचं नाव घालवलं आणि अजून त्यांच्या शेजारी राहतो. रोज सकाळी "काय साखरे," म्हणून हाक येते आणि तिच्यात थोडी टोचणीही असते. ती ऐकल्याशिवाय मला कामावर निघाल्यासारखं वाटत नाही. प्लॉट दुसऱ्या कुणाला तरी बघा.