वाकळे सरांचं वर्तुळ

पुंजाराम वाकळे सरांनी आयुष्यात नेमकी एकच कला कमावली, आणि तीही अशी की घरात तिचा कवडीचा उपयोग नाही. कंपास नाही, दोरी नाही, नुसत्या हातानं फळ्यावर वर्तुळ काढायचं. डावा तळवा फळ्यावर टेकवायचा, श्वास रोखायचा आणि उजवा हात खांद्यापासून असा फिरवायचा की खडू जिथून निघाला तिथंच परत आला पाहिजे. द्वारकाबाई म्हणायच्या, "हात एवढा गोल फिरतो, तर एखादी भाकर थापून दाखवा की." सरांनी एकदा थापलीही. ती नकाशातल्या ऑस्ट्रेलियासारखी झाली आणि सरांनीच ती गुपचूप खाऊन टाकली.

पण शाळेत! शेंद्र्याच्या अलीकडं, कारखान्यांच्या कुंपणाला लागून सरांची शाळा. तिथं दहावीच्या वर्गात शिरून सर म्हणणार, "चला, गृहपाठाच्या वह्या काढा." की मागून हळूच आवाज येणार, "सर, वर्तुळ!" सर आधी नको-नको म्हणणार. "अरे, पोर्शन राहिलाय." पोरं गयावया करणार, "एकच सर, लई दिवस झाले." मग सर चष्मा पुसणार, बाही सारणार. वर्गात चिटपाखरूसुद्धा हलायचं नाही. वर्तुळ पुरं झालं की टाळ्या. मग कुणीतरी लाकडी कंपास घेऊन पुढं यायचं, डोळे बारीक करून तपासायचं आणि जाहीर करायचं, "एक मिलिमीटरचा फरक नाय, सर!" पुन्हा टाळ्या. मग एका तपासणी अधिकाऱ्यानं हे वर्तुळ बघून हातातला चहा कसा तसाच सोडला तो किस्सा. तो संपेपर्यंत घंटा.

सर तसे शहाणे माणूस. दाढी करताना आरशात बघून स्वतःलाच म्हणायचे, "पुंजाराम, लोक चंद्रावर यान उतरवतात, तुला गोल काढता येतो, आणि फुगतोस किती!" पण फुगायचे. मुख्याध्यापकपद चालून आलं तर नको म्हणाले. गावात बोलबाला झाला, केवढा त्याग! त्याग कसला अन् काय. मुख्याध्यापक झालं की दहावीचा वर्ग सुटतो, आणि दहावीचा वर्ग सुटला की टाळ्या सुटतात. पाचवीच्या पोरांना काय कौतुक? ती तर वाटी ठेवूनही गोल काढतात.

मग करुणा मॅडम मुख्याध्यापिका झाल्या. मराठीच्या. याच शाळेत शिकलेल्या, वाकळे सरांच्या सुरुवातीच्या एका बॅचच्या. चारचौघांत सर त्यांना मॅडम म्हणत, दोघंच असले की करुणा.

गणपतीच्या सुमारास एका कंपनीनं शाळेला डिजिटल पॅनल दिलं. दहावीच्या वर्गात, जुन्या फळ्याच्या शेजारी, चांगलं दाराएवढं. बोटानं लिहा, बोटानं ओढा, वर्तुळाचं चित्र दाबलं की वर्तुळ तयार. सरांनी ते वर्तुळ जवळून पाहिलं, लांबून पाहिलं. खोट सापडेना. शेवटी म्हणाले, "जीव नाही त्यात." वर्तुळात जीव कसा असतो असं कुणी विचारलं असतं, तर सरांची बोबडी वळली असती. नशीब, कुणी विचारलं नाही.

करुणा मॅडमनी मीटिंगमध्ये सांगून टाकलं, "दसऱ्यानंतर दहावीचं गणित-विज्ञान पॅनलवरच. ज्यांना जमणार नाही, त्यांना पाचवी-सहावी देऊ." नाव कुणाचंच घेतलं नाही, पण सगळी स्टाफरूम एकदम वाकळे सरांकडं बघायला लागली. निवृत्तीला थोडी वर्षं उरलेली, आणि ती वाटी ठेवून गोल काढणाऱ्यांत घालवायची?

मग सर हट्टाला पेटले. पण पॅनलचा एक नियम होता. बोटानं लिहिलं जायचं आणि अख्खा तळवा टेकला की पुसलं जायचं. आता सरांचा डावा तळवा फळ्यावर टेकल्याशिवाय उजवा हात चालायचाच नाही, ही जन्माची खोड. त्यांनी पक्ष लिहिला, तळव्यानं पुसला. साध्य लिहिलं, तेही गेलं. घाम पुसत सिद्धतेच्या शेवटच्या ओळीला पोचले आणि वळून बघतात तर पॅनलवर फक्त एवढंच उरलेलं, "म्हणून सिद्ध झाले." काय सिद्ध झालं ते देवाला ठाऊक.

"सर, डावा हात खिशात घाला," वर्गाचा मॉनिटर ऋतुराज अदबीनं म्हणाला. सरांनी घातला. डावा खिशात गेल्यावर उजव्याला काही सुचेना. तो हवेतच थांबला, एसटीला हात दाखवल्यासारखा. तिसऱ्या बाकावरची मोनिका वहीवर पेन टेकवून लिहायची वाट बघत बसली होती. ती शेवटपर्यंत वाटच बघत राहिली.

गंमत म्हणजे पोरांनाही पॅनल आवडलेलं दिसेना. "सर, फळ्यावरच घ्या ना," मागच्या बाकांवरून आवाज आले आणि सरांना भरून आलं. आजची पोरं मोबाईलमध्ये बुडाली, असं भाषण ते बारशापासून तेराव्यापर्यंत मिळेल तिथं ठोकत आले होते. आणि इथं हीच पोरं खडूच्या बाजूनं उभी! सरांनी त्या दिवसापासून ते भाषण बंद केलं.

खंडेनवमीला शाळेत अवजारांची पूजा असते. फावडं, कुदळ, प्रयोगशाळेतला तराजू, संगणक, आणि यंदा पॅनल. ज्येष्ठ म्हणून पूजेचा मान वाकळे सरांचा. इतर अवजारांना त्यांनी चिमूटभर कुंकू वाहिलं. पॅनलजवळ आले तेव्हा मात्र त्यांना काय झालं कोण जाणे. चौकटीच्या चारी कडांना ओल्या हळदीची बोटं ओढली, त्यावर मूठभर कुंकू, वरून झेंडूचा हार. हात जोडून मनात म्हणाले, "देवा, याला सांभाळ. नाहीतर घेऊन जा. तुझी मर्जी."

देवानं मर्जी दाखवली. दसऱ्याची सुट्टी संपून शाळा भरली तर पॅनलच्या अंगात आलेलं. इथं बोट लावलं की तिथं रेघ उठे, कुणी न लावताच पानं उलटत. कंपनीच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, "चौकटीच्या खाचेतून न दिसणारे किरण जातात. बोटानं ते अडले की पॅनलला कळतं बोट कुठंय. खाचेत काही गेलंय का?"

"कुंकू," सर बारीक आवाजात म्हणाले.

"काय?"

"पूजा झाली."

तिकडं कागद चाळल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "कुणी ना कुणी करतंच, सर. पंधरवड्यात येतो." सरांनी फोन ठेवला, फार वाईट झालं असा चेहरा केला आणि खडूचा डबा काढला. जीव भांड्यात पडला होता, पण ते दाखवायचं नव्हतं.

पुन्हा फळा सुरू झाला. पुन्हा "सर, वर्तुळ!" त्यात कडी म्हणजे ऋतुराज चार-पाच पोरं घेऊन थेट मॅडमच्या केबिनमध्ये गेला आणि म्हणाला, "आम्हाला वाकळे सरच पाहिजेत, आणि फळ्यावरच. पॅनल नकोच." शिपायानं ही बातमी स्टाफरूममध्ये आणली. सरांनी वर्तमानपत्र तोंडापुढं धरलं, कारण डोळे भरले होते. संध्याकाळी मुद्दाम औरंगपुऱ्याच्या बाजारात उतरून त्यांनी अर्धा किलो इमरती घेतली.

द्वारकाबाईंनी पुडा उघडला. "कोण पास झालं?"

"मी," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून सर केबिनमध्ये गेले. "मॅडम, पोरांच्या भावना तुमच्या कानावर आल्याच असतील. मला स्वतःला काही नाही, पण पोरांचा जीव..."

करुणा मॅडमनी उठून दार लोटलं. "सर, बसा. रागावणार नसाल तर एक बोलू?"

"बोल की."

"पॅनलवर वर्तुळ एका सेकंदात येतं."

"तेच म्हणतो मी! त्यात जीव..."

"एका सेकंदात येतं, म्हणून वह्या तपासायला वेळ उरतो, सर. त्याच्यामुळंच नकोय पोरांना पॅनल."

मॅडम टेबलावरच्या काचेकडं बघून बोलू लागल्या. "ते 'सर, वर्तुळ' आमच्या बॅचनं सुरू केलं. गृहपाठ झालेला नसला की एकानं म्हणायचं, बाकीच्यांनी गळ घालायची. कंपास घेऊन कुणी उठायचं, त्याची पाळी असायची. जाताना आम्ही नववीच्या पोरांना सांगून गेलो, त्यांनी पुढच्यांना. मी इथं परत आले तेव्हा कळलं, अजून चालूच आहे."

सरांनी हसायचा प्रयत्न केला. तो नीट जमला नाही. "म्हंजे टाळ्या..."

"टाळ्या खऱ्या होत्या. गोल खरंच लई सुंदर यायचा, सर." मॅडमनी फुंकर घातली, पण ती जास्तच झोंबली.

"आणि तू? तू काय करायचीस?"

"मी कंपासवाली." त्या हसल्या. मग हसू ओसरलं. "तेव्हा मजाच वाटायची. फक्त मला पॉलिटेक्निकला जायचं होतं. वडील कारखान्यात हमाल, त्यांना वाटायचं, पोरगी तिथंच एक दिवस इंजिनियर म्हणून जाईल. भूमितीत कशीबशी काठावर निघाले. मग आर्ट्स घेतलं. पुढं मराठी आवडलं मला, माझी तक्रार नाही. पण नियम मी बदलणार नाही, सर. पॅनल चालू झालं की जमेल त्यानं दहावी घ्यायची. तुम्ही घेतलीत तर मला सगळ्यात जास्त आनंद होईल."

सर बाहेर आले. व्हरांड्यातून चालताना समोरून येणाऱ्या पोरांकडं त्यांनी पाहिलं नाही. शरम वाटत होती, साधी, सरळ, तोंड लपवावं अशी. "पुंजाराम," ते स्वतःला म्हणाले, "पोरांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, अन् तू तिथंच खाट टाकून झोपलास." त्यांना एकेक चेहरा आठवायला लागला. कंपास घेऊन उठलेला, डोळे बारीक केलेला. त्या चेहऱ्यांचं पुढं काय झालं, हे त्यांना फार थोड्यांचं माहीत होतं.

रविवारी शिपायाकडून वर्ग उघडून घेऊन, घरून आणलेला जुना दात घासायचा ब्रश घेऊन, सर स्टुलावर चढले. कुंकू वाळून खाचेत घट्ट बसलेलं. चारी कडा घासता घासता मान आखडली. स्वतःच घातलेलं कुंकू स्वतःच काढायची वेळ फार कमी नवऱ्यांवर येत असेल, असं त्यांच्या मनात आलं आणि एकटेच हसले. मग पॅनल लावून बसले. तळवा उचलून धरायचा, बोट टेकवायचं. चुकलं, पुन्हा. दुपारची भाकर थंड झाली, पण तळवा एकदाचा वर राहायला शिकला.

सोमवारी वर्गात सर म्हणाले, "वह्या काढा."

"सर, वर्तुळ!" ऋतुराजनं ठरल्याप्रमाणं सुरुवात केली.

"काढतो की." सरांनी पॅनलवर बोट ओढलं. "हे घे. झालं. आता वह्या."

वर्गाचे चेहरे पडले. निम्म्या वह्या कोऱ्या होत्या. सरांनी कुणाला बोल लावला नाही. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "ज्याला जे कळलं नाही, ते विचारा."

या वर्गात विचारायची सवयच नव्हती. बऱ्याच वेळानं तिसऱ्या बाकावरून मोनिका उठली. "सर, स्पर्शिका त्रिज्येला काटकोनातच का असते? पाठ आहे मला. पण का, ते नाय माहीत."

'प्रमेयच आहे ते' असं नेहमीचं उत्तर सरांच्या ओठावर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. "ये इकडं."

वर्तुळाला दोन ठिकाणी छेदणारी रेषा त्यांनी काढली, केंद्रापासून तिच्यावर लंब टाकला. "आता ही रेषा बाहेर सरकव. हळू." मोनिकानं भीत भीत बोट लावलं. रेषा सरकली तसे छेदनाचे दोन बिंदू जवळ आले. लंब लांबत गेला, पण दिशा तीच, काटकोन तसाच. बिंदू जवळ, अजून जवळ, आणि वर्तुळाच्या कडेला येऊन एक झाले. "थांब. आता ही रेषा कोण झाली?"

"स्पर्शिका," मोनिका म्हणाली. "आणि लंब... लंबच त्रिज्या झाला." तिनं रेषा मागं नेली, पुन्हा पुढं आणली. मग वळून म्हणाली, "सर, एवढंच होतं?"

सरांनी मान हलवली. "एवढंच होतं," ते म्हणाले. मग एकदम दाराकडं निघाले. "कुणी हात लावू नका त्याला. आलोच."

मॅडमच्या केबिनचं दार त्यांनी न वाजवताच उघडलं. "जमतंय का ते बघायला चल."

मॅडम आल्या आणि मोनिकाशेजारी बाकावर बसल्या. वर्ग ताठ झाला. सरांनी रेषा पुन्हा आत, जिथून सुरुवात झाली होती तिथं आणून ठेवली आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, "करुणा, उभी राहा. स्पर्शिका त्रिज्येला काटकोनातच का असते?"

पोरं मुख्याध्यापिकांकडं बघायला लागली. मॅडम उभ्या राहिल्या. पदर सावरला.

"मला कधीच कळलं नाही, सर," त्या म्हणाल्या.

"मग ये पुढं," सर म्हणाले.