गोरक्षनाथाचा घरातला घाट

देवळाली प्रवरेत बसस्थानकाच्या मागच्या गल्लीत पाण्याच्या जळालेल्या मोटरी नवी तार गुंडाळून भरून देणारा गोरक्षनाथ राहतो. त्याच्या घराच्या बाहेरच्या खोलीत, दाराच्या चौकटीशेजारी, एक काळी पाटी टांगलेली आहे. 'घाटाचा राजा' ही अक्षरे तिच्यावर पांढऱ्या रंगाने कायमची काढलेली असून त्यांच्याखाली दर रविवारी खडूने एक नाव लिहिले जाते. गेल्या दिवाळीपर्यंतच्या वर्षभरात ते नाव बहुतेक वेळा त्याचे होते, तीन-चारदा दूध संकलन केंद्रातल्या काकासाहेबांचे होते आणि माझे एकदाही नव्हते. गोरक्षनाथाविषयी मला लिहावेसे वाटले याचे खरे कारण हेच आहे, आणि ते आरंभीच सांगून टाकलेले बरे.

शाळेत आम्ही एका बाकावर बसत असू. सहादेव हे माझे नाव पूर्ण उच्चारण्याचा त्याला कंटाळा होता; तो मला 'सहाद्या' म्हणे. दहावीला तो विज्ञान आणि इंग्रजी अशा दोन विषयांत राहिला आणि त्याच उन्हाळ्यात मामाच्या दुकानात तांब्याच्या तारेचे वेढे मोजायला बसला. मी पदार्थविज्ञानात एम. एस्सी. झालो आणि बावीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात घर्षण व वर्तुळाकार गती शिकवीत आहे. मी नोकरीला लागलो त्या दिवसापासून त्याने मला 'सर' म्हणायला सुरुवात केली. त्यात आदर आहे की कुचेष्टा, हे मला आजवर ठरवता आलेले नाही.

आता मुख्य तक्रार. रिमोटवर धावणारी ती तळहाताएवढी शर्यतीची गाडी या गावात प्रथम मी आणली. ही गोष्ट कोणीही नमूद करीत नाही, म्हणून मीच करतो. जत्रेत मिळते ते हे खेळणे नव्हे. खऱ्या गाडीच्या अठ्ठाविसाव्या हिश्शाएवढ्या या यंत्राला नाजूक स्प्रिंगा असतात, चार मऊ रबरी टायर असतात, बोटाच्या पेराएवढी मोटर असते. आणि रिमोटचा घोडा जरासा दाबला की ते असे निसटते की डोळा मागे राहतो. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळी सुटीत मी ती गाडी मागवली, दिवाणखान्यातले सोफे भिंतीला लावले आणि चकचकीत फरशीवर ती चालवू लागलो. माझ्यापाशी आता असे काहीतरी आहे जे गावात दुसऱ्या कोणापाशी नाही, हे सुख मी आयुष्यात प्रथमच अनुभवत होतो. ते नऊ दिवस टिकले. दहाव्या दिवशी गाडी सोफ्याच्या पायावर आदळली, आतली एक तार सुटली आणि तिला कथलाचा डाग देऊन घेण्यासाठी मी ती गोरक्षनाथाकडे नेली. माझ्या हातून झालेली ही पहिली चूक.

त्याने गाडी भिंगाखाली धरली आणि चारही बाजूंनी फिरवून पाहिली.

"सर, हिच्या पोटात मोटर हाय व्हय? एवढीशी?" तो अखेर म्हणाला. "वेढे किती आसतील हो हिला?"

"ते निर्मात्याला ठाऊक."

"आपल्याला बी कळंल की. उलगडून बघितल्यावर."

"उलगडायची नाही," मी म्हणालो. "फक्त डाग द्यायचा आहे."

दुसऱ्या दिवशी गाडी घ्यायला गेलो तेव्हा त्याची बायको चांगुणा दारातच भेटली. बाहेरच्या खोलीत तिची पिठाची चक्की आहे, आणि तिची जीभही चक्कीसारखीच न थांबता चालते. "काय आनून दिलं तुमी ह्यास्नी, सर? कालपास्नं धड जेवल्याले न्हाईत. आदीच मानूस नादी, त्यात ह्यो नवा नाद."

मी तिला सांगितले की याला छंद म्हणतात. ती म्हणाली, "तुमचा छंद आसंल. आमच्या घरात आल्यावर त्याचा नादच व्हतो."

ते बोलणे मी तेव्हा हसण्यावारी नेले. महिनाभरात गोरक्षनाथाने पुण्याहून कोणाची तरी मोडकी गाडी आणवली. तिची जळालेली मोटर त्याने केसाहून बारीक तार घेऊन स्वतः भरली. पाच अश्वशक्तीच्या मोटरीत ज्या हातांनी तो पाचर ठोकतो, त्याच काळ्या, व्हार्निशचा वास येणाऱ्या हातांनी. मला साधी सुई ओवता येत नाही. नंतर त्याने बाहेरच्या खोलीतले बाज-बिछाने हलवले, ठिबकच्या टाकाऊ नळ्या उभ्या चिरल्या आणि लाल कोब्यावर त्यांचा नागमोडी मार्ग मांडला. चक्की जागची हलेना, म्हणून मार्गच तिला वळसा घालून गेला. त्या अवघड जागेला सगळे 'चक्कीचं वळण' म्हणू लागले.

त्याचे आजोळ पारनेरकडचे. तिकडे बैलगाड्यांच्या शर्यतीच्या मैदानाला घाट म्हणतात, एका धावेला बारी म्हणतात आणि दिवसाच्या अव्वल गाड्याला घाटाचा राजा. ही सारी परिभाषा त्याने उचलून आपल्या बारा बाय अठराच्या खोलीत आणली. इथेही प्रत्येकाने एकट्याने बारी करायची, पाच फेऱ्यांची. काकासाहेबांनी मोबाइलवर वेळ लावायची. चांगुणाने नॅपकिनचा झेंडा पाडायचा. एखाद्याची गाडी नळीवरून उडाली की तीच ओरडे, "गाडा घाटाबाहेर! उचला आपली वासरं!" आणि सगळी खोली हसे. हा खेळ मी शास्त्रीय दृष्टीने आणला होता. त्याची जत्रा झाली, आणि जत्रेचा मानकरी गोरक्षनाथ झाला. लोक त्याच्या दारात चपला काढून आत येत. माझ्या दिवाणखान्यात कोणी आले नव्हते.

तरीही मी दर रविवारी सकाळी जात राहिलो. का जात राहिलो, असे माझ्या पत्नीनेही विचारले. त्या पाटीवर एकदा, निदान एकदा, माझे नाव मला हवे होते. त्याच्या हस्ताक्षरात हवे होते.

आणि हवे असणे अवाजवी नव्हते. माझी गाडी सर्वांत महाग, सर्वांत वेगवान होती. सरळ मार्गावर तिच्याजवळ कोणी येत नसे. परंतु चक्कीच्या वळणावर ती दर वेळी आडवी होऊन घसरे आणि नळीला जाऊन थडके. मी बेअरिंगे बदलली, वजन पुढे-मागे केले, वळणाची त्रिज्या मोजून वहीत समीकरणे मांडली. तयारीत मी कसूर ठेवली नाही. प्रत्येक बारीच्या आधी मी पांढऱ्या फडक्यावर स्पिरिट घेऊन चारही टायर स्वच्छ पुसत असे, कारण टायर स्वच्छ ठेवावेत असे गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत स्पष्ट छापलेले आहे. फडके दर वेळी तपकिरी निघे. या घरात धूळ तरी किती, असे माझ्या मनात येई. अनवाणी पायांना तो कोबा किंचित चिकटही लागे. चक्कीच्या घरात याहून निराळे काय असणार, असे म्हणून मी सोडून देई.

मी पुसायला बसलो की गोरक्षनाथ हमखास म्हणे, "सर, नका पुसू."

पहिल्यांदा मी हसलो. दुसऱ्यांदा त्याच्याकडे रोखून पाहिले. त्यानंतर मी अधिक नेटाने पुसू लागलो. आपल्यापेक्षा वेगवान गाडी असलेला माणूस तयारी करू लागला की प्रतिस्पर्धी त्याला तयारी करू नको असेच सांगणार. एवढे मला कळत होते.

गेल्या दिवाळीआधीच्या रविवारी मी ठरल्या वेळेच्या आधी पोहोचलो. बाहेरची खोली रिकामी होती, पंखा वेगात फिरत होता. चक्कीच्या झाकणावर एक अर्धी बाटली होती आणि तिच्याशेजारी गोरक्षनाथाची गाडी उलटी ठेवलेली होती. मी तिच्या टायरला बोट लावले. ते चिकटले. बाटलीतला काळपट द्रव बोटावर घेऊन जिभेला लावला. काकवी. ज्या मुलुखात पावलोपावली ऊस आहे, तिथे काकवी ओळखायला पदवी लागत नाही.

मला जो आनंद झाला तो लपवण्याचा प्रयत्न मी इथे करणार नाही. एक वर्षाचा हिशेब एका बोटावर जुळला होता. दहावी नापास माणूस एम. एस्सी. माणसाला कसा हरवतो, याचे उत्तर गोड आणि चिकट होते. मी बाटली होती तशी ठेवली आणि सगळे येईपर्यंत ओट्यावर थांबलो. काकासाहेब आले, आणखी पाच-सहा जण आले. चांगुणाने झेंडा हातात घेतला तेव्हा मी उभा राहिलो.

"बारी सुरू होण्यापूर्वी मला एक आक्षेप नोंदवायचा आहे," मी म्हणालो. "या खोलीत वर्षभर फसवणूक चालली आहे. गोरक्षनाथ आपल्या गाडीच्या टायरांना काकवी लावतो. ही पाहा बाटली. पाटीवरची त्याची सगळी नावे रद्द व्हावीत."

चांगुणा इतकी हसली की तिला चक्कीचा आधार घ्यावा लागला.

"आवो सर, टायरला कुठं? ती तर फरशीला लावत्यात! बादलीभर पान्यात वाटीभर काकवी. दर रैवारी सकाळी मीच पुसते आन पंख्याखाली वाळवते. मुंग्या हुत्यात म्हनून मागनं साध्या पान्यानं परत पुसायची ती निराळीच. दोनदा फरशी! ह्यांच्या नादापायी!"

"गुऱ्हाळावर सांडलेल्या काकवीवर पाय पडला आन चप्पल तितंच ऱ्हायली माझी," गोरक्षनाथ ओशाळून म्हणाला. "तवा सुचलं. फरशीची समद्यांच्याच टायरला लागती, सर. ज्याला त्याला पकड मिळती. फकस्त तुमीच…"

त्याने वाक्य पुरे केले नाही. काकासाहेबांनी केले. "फकस्त तुमीच पुसून टाकता. आमाला वाटायचं, सायन्सचं सर हाईत, काय तरी आसंल त्यांचं."

"मी पैल्या रैवारपास्नं सांगतुया, नका पुसू म्हनून," गोरक्षनाथ म्हणाला.

घर्षणाचा धडा मी बावीस वर्षे शिकवला आहे. मी खाली पाहिले. माझ्या हातात स्पिरिटची बाटली आणि पांढरे फडके होते. त्याने खरे सांगितले होते, वर्षभर, सगळ्यांच्या देखत. आणि ते त्याने सांगितले एवढ्यासाठीच मी ते ऐकले नव्हते. हे त्याच्यापेक्षा मला अधिक कळले असावे. त्याबद्दलही मी त्याला क्षमा करू शकत नाही.

"चला, बारी!" चांगुणा म्हणाली. "सरांचा गाडा पैला. दोन फेऱ्या नुसत्या फिरवून घ्या, चिकटू द्या जरा."

मी न पुसता गाडी खाली ठेवली, दोन फेऱ्या हळू फिरवली. झेंडा पडला. चक्कीचे वळण आले तेव्हा सवयीने माझे बोट ढिले पडले. पण गाडी घसरली नाही. वळणाला धरून, जणू कोणी तिच्या खालून दोरा ओढत आहे अशी, ती गेली. पाचही फेऱ्या तशाच गेल्या. काकासाहेबांनी मोबाइल वर धरला आणि वेळ सांगितली. इतका कमी वेळ त्या खोलीत कधी लागला नव्हता.

सर्वांत शेवटी गोरक्षनाथाची बारी होती. चौथ्या फेरीपर्यंत त्याची गाडी माझ्या वेळेच्या बरोबरीने होती. पाचव्या फेरीत, चक्कीच्या वळणावर, तिचे मागचे चाक नळीला घासले. नुसते घासले, परंतु तेवढ्याने निकाल लागला. वर्षभरात त्या वळणावर त्याची गाडी नळीला लागलेली मी पाहिली नव्हती.

"आरं सहाद्या! जिकलास की लेका!" तो ओरडला आणि त्याने मला कंबरेत धरून चक्क उचलले. खाली ठेवल्यावर त्याच्या ध्यानात आले आणि तो म्हणाला, "चुकलं, सर."

मी त्याला बाजूला घेऊन विचारले, "खरे सांग. मुद्दाम लावलीस ना नळीला?"

तो मनापासून दुखावल्यासारखा दिसला. "सर, छंदात हारत आसंल कुनी मुद्दाम. नादात न्हाई हारत."

मग त्याने पाटी फडक्याने पुसली आणि जीभ दातांत धरून सावकाश लिहिले: सहादेव सर, यमेस्सी. ती पदवी लिहायला त्याला कोणी सांगितले नव्हते. ते शुद्ध नव्हते, आणि खडू माझ्या हाताशीच होता. मी ते दुरुस्त केले नाही. सगळे टाळ्या वाजवत होते आणि गोरक्षनाथ पाटीपासून दोन पावले मागे सरून ते नाव असे पाहत होता, जणू ते त्याचे आहे. वर्षभर ज्याची वाट पाहिली तो आनंद त्या खोलीत आला होता खरा. पण तो माझ्याहून त्याला अधिक झाला होता. तेवढेही त्याने मला पुरते घेऊ दिले नाही. शिवाय त्या नळीचा विचार माझ्या मनातून अजून जात नाही. दुखावलेला चेहरा खोटा नव्हता, असे मला वाटते. पण मोटर भरणारे हात किती अचूक असतात, हेही मला ठाऊक आहे.

घरी येऊन गाडी दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात ठेवली. दुपारी पत्नीने हाक मारली. कपाटाच्या फटीतून मुंग्यांची रांग आत गेली होती आणि गाडीच्या चारही टायरांभोवती दाटली होती.

"अहो, काय आणलंत हे घरात? सगळ्या मुंग्या लागल्यात. ते टायर पुसा आधी."

"नाही पुसायचे," मी म्हणालो.